रीमॅपच्या नावाखाली रेझिस्टर

टर्बो पेट्रोल गाडीचा ‘स्टेज वन रीमॅप’ (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, म्हणजे ईसीयूमधली फाइल बदलून ताकद वाढवणं) करून घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. पुण्यातल्या एका ट्यूनरला मी ३२ हजार रुपये मोजले. सकाळी गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी परत दिली. सुरुवातीला पिकअप वाढल्यासारखा वाटला. मग अ‍ॅव्हरेज पडलं, आणि मे महिन्यात खंबाटकी चढताना इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला.

"दादा, टर्बो गेलाय. ८५ हजार धरून चाला," ट्यूनर म्हणाला. मी जवळजवळ तयार झालो होतो.

मित्राने गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारा त्याचा स्कॅनर दिला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी स्टार्टर न मारता नुसती किल्ली फिरवली. अशा वेळी कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आणि इनटेकची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा, दोन्हींचं तापमान साधारण सारखंच दिसायला हवं. कूलंट २६ अंश. हवा २ अंश. पुण्यात, मे महिन्यात!

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर काढून मीटर लावला तर दोन हजार ओहमच्या आसपास, म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग तार चाचपत गेलो. कनेक्टरपासून वीतभर मागे, कंपनीच्या कापडी टेपवर साधी काळी चिकटपट्टी. ती सोलली, तर आत तार कापून मध्ये रेझिस्टर (रोध वाढवणारा छोटा भाग) डकवलेला. नारिंगी, नारिंगी, लाल पट्टे: ३,३०० ओहम.

हवा जितकी गार, तितका या सेन्सरचा रोध जास्त. रेझिस्टरचा रोध त्यात मिळवला जातो, त्यामुळे ईसीयूला हवा कायम गारच वाटते. तो जादा पेट्रोल सोडतो आणि गरम हवेला इग्निशन मागे घ्यायचं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकायची, ते करत नाही. घाटात हवा ६० अंशांवर गेली तरी त्याला ९-१०च दिसतात. तो आवाज नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटण्याचा होता. तसंच रेटलं असतं तर पिस्टन गेले असते. चेक इंजिनचा दिवा एकदाही लागला नाही, कारण २ अंश हा आकडा ईसीयूला अशक्य वाटत नाही. दुसऱ्या ठिकाणी ईसीयू वाचून घेतला, तर फाइल कंपनीचीच.

खऱ्या रीमॅपमध्ये फाइल बदलते, या तारेला हात लावायचं कारणच नसतं. गाडी देण्याआधी आणि परत घेतल्यावर, थंड इंजिनावर कूलंट आणि हवेचे आकडे बघाच. जुनी आणि नवी, दोन्ही फाइल मागून घ्या.

रेझिस्टर काढून तार जोडली. दुसऱ्या दिवशी कूलंट २७, हवा २६. टर्बो तोच आहे, आवाज गेला. ट्यूनर फोन उचलत नाही, आणि बिलावर नुसतं ‘ट्यूनिंग चार्जेस’ असल्याने तक्रार करताना माझे हात बांधले गेलेत. तुम्ही ‘ईसीयू रीमॅप’ असे शब्द लिहून घ्या.