यंत्रणा पक्की, काउंटर कच्चा: माजी सैनिकांच्या 'स्पर्श' सेवेविषयी

सैन्याच्या संदेशवहन विभागातून, म्हणजे सिग्नल कोअरमधून, सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून मी कोल्हापुरात राहतो आणि गेली काही वर्षे माझ्या स्वतःच्या पेन्शनबरोबरच गल्लीतल्या, गावाकडच्या आणि जुन्या ओळखीच्या बऱ्याच माजी सैनिकांचे 'स्पर्श'चे काम करून देतो. 'सिस्टिम फॉर पेन्शन ॲडमिनिस्ट्रेशन – रक्षा' या लांबलचक नावाचे हे लघुरूप आहे. नोकरी संपली की सैन्याच्या सुरक्षित नेटवर्कशी जवानाचा संबंध संपतो. त्यानंतर संरक्षण खात्याची जी एक संगणक यंत्रणा आयुष्यभर त्याच्या आणि त्याच्या मागे त्याच्या पत्नीच्या हाताशी राहते, ती ही. तीस लाखांहून अधिक पेन्शनधारक आज तिच्यावर आहेत. म्हणून सैन्याच्या आधुनिकीकरणाची चर्चा उपग्रह आणि रेडिओ सेटपाशी थांबवणे मला बरोबर वाटत नाही. या सेवेचेही परीक्षण व्हायला हवे आणि ते ती रोज वापरणाऱ्याने करावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी जुनी पद्धत काय होती ते सांगतो, कारण त्याशिवाय नव्या पद्धतीचे मोल कळणार नाही. पेन्शन मंजूर व्हायची प्रयागराजच्या कार्यालयात, नोंदी असायच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाच्या बेळगावला आणि आम्हा सिग्नलवाल्यांच्या जबलपूरला, आणि पैसे यायचे बँकेच्या पेन्शन केंद्रामार्फत. या तिन्ही ठिकाणांना जोडणारा दुवा म्हणजे पीपीओ, अर्थात पेन्शन देण्याचा आदेश, हा एक कागद. तो कागद घरोघरी लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या फोटोखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला असे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या कित्येक घरांत पाणी छपरापर्यंत गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. सैनिक टाकळीसारखे, ज्याच्या नावातच सैनिक आहे असे गाव त्याच तालुक्यातले. पूर ओसरल्यावर एका जुन्या सहकाऱ्याची ट्रंक उघडायला मी गेलो होतो. आत पीपीओचा लगदा झाला होता आणि शाई पिशवीला चिकटली होती. त्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीसाठी घातलेले हेलपाटे आठवले की 'स्पर्श'वर लॉगिन करून तोच आदेश पडद्यावर पाहता येतो आणि पाहिजे तेव्हा छापून घेता येतो, एवढ्या एका सोयीसाठीही मी या सेवेला चांगले म्हणेन.

पण खरा फायदा त्याहून मोठा आहे. पेन्शन मंजूर करणे, ती दुरुस्त करणे आणि प्रत्यक्ष खात्यात जमा करणे ही तिन्ही कामे आता एकाच यंत्रणेत होतात. समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन देणाऱ्या 'वन रँक वन पेन्शन'चे सुधारित दर १ जुलै २०१९ पासून आणि नंतर १ जुलै २०२४ पासून लागू झाले. अशा वेळी पूर्वी प्रत्येक बँक आपापल्या परीने तक्ते लावत असे. आपल्याला मिळालेली रक्कम बरोबर आहे की नाही, हे समजायला पेन्शनधारकाकडे काही साधन नसे. आता दरमहाची पेन्शन स्लिप समोर दिसते, मूळ पेन्शन किती, महागाई भत्ता किती, कम्युटेशनची, म्हणजे आधीच एकरकमी घेतलेल्या पेन्शनच्या भागाची, वजावट किती हे वेगवेगळे वाचता येते, आणि दिलेला अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हेही कळते. हिशेब स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येणे ही जवानाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

यात एक अडचण मात्र मुळातूनच आलेली आहे. जुन्या हस्तलिखित नोंदी जशा होत्या तशा संगणकात गेल्या आणि संगणकाला अंदाज करता येत नाही. आमच्या एका दिवंगत हवालदाराच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, एके दिवशी कागदांची पिशवी घेऊन घरी आल्या आणि म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या पेन्शनीत माझं नाव हाय, पर ती बाई दुसरीच वाटतीया." त्यांचे नाव आक्काताई. आधारवर ते एका स्पेलिंगने, बँकेत दुसऱ्या, आणि नवऱ्याच्या सेवेतल्या घरगुती नोंदींच्या कागदात, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, माहेरच्या नावापुढे 'बाई' लावून तिसऱ्याच रूपात लिहिलेले. चाळीस वर्षांपूर्वी ती नोंद करताना कोणाचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे लग्नात नाव बदलते, गावात हाक मारतात ते नाव वेगळे असते आणि इंग्रजीत 'आ'साठी एक 'ए' घालायचा की दोन, याचा काही नियम नाही. दुरुस्तीचा अर्ज, शपथपत्र आणि आधारची प्रत 'स्पर्श'वर चढवली, रेकॉर्ड ऑफिसकडून पडताळणी झाली आणि नोंद सुधारली. जिल्ह्यातल्या प्रत्येक माजी सैनिकाला माझे आग्रहाचे सांगणे आहे की, आपण हयात असतानाच प्रोफाइल उघडून पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का ते पाहावे. जन्मतारखेचे महत्त्व तर दुहेरी आहे, कारण वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की पेन्शनमध्ये आणि कुटुंब पेन्शनमध्येही २० टक्के वाढ मिळते. जन्मतारीख कोरी असेल तर ही वाढ द्यायची कधी, हे यंत्रणेला कळणारच नाही.

हयातीच्या दाखल्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. २०२२ च्या एप्रिल महिन्यात वार्षिक ओळख पडताळणी न झाल्यामुळे ५८,२७५ पेन्शनधारकांची पेन्शन जमा झाली नव्हती. संरक्षण मंत्रालयाने मे महिन्याच्या सुरुवातीला एक वेळची सवलत म्हणून ती दिली आणि मुदत वाढवली. त्या दिवसांत बिंदू चौकापासून गडहिंग्लजपर्यंत जिथे दोन माजी सैनिक भेटत तिथे हाच विषय असे. तेव्हापासून लोक सावध झाले आहेत, परंतु चूक नेमकी कुठे होते हे अजून बहुतेकांना ठाऊक नाही. जीवन प्रमाण, म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला, भरताना मंजुरी देणारे आणि पेन्शन वाटणारे कार्यालय निवडावे लागते. पेन्शन 'स्पर्श'वर आली असेल तर वाटप करणाऱ्या यंत्रणेच्या रकान्यात 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन) अलाहाबाद' हाच पर्याय निवडायचा असतो. पैसे बँकेच्या खात्यात येतात म्हणून लोक सवयीने बँकेचे नाव निवडतात. दाखला तयार होतो, मोबाइलवर संदेशही येतो, पण तो जिथे जायला हवा तिथे जात नाही. दुसरी अडचण बोटांच्या ठशांची. आमच्या भागातली माणसे सत्तरीतही उसात भांगलण करतात, वैरण कापतात. त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र पाच-पाच वेळा नकार देते. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तिने हे ओझे पुष्कळ हलके केले आहे. आजीला अंगणात उजेडात बसवले, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली की काम होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण हे परीक्षण लिहायला बसण्याचे खरे कारण तेच आहे.

गेल्या वर्षी शहरातल्या एका खाजगी इंटरनेट केंद्रावर मी एका मित्रासोबत गेलो होतो. मित्राला पासवर्ड आठवेना. काउंटरवरच्या मुलाने "काळजी करू नका काका" म्हणत ड्रॉवरमधून निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढली. पानापानावर पट्टीने आखलेले चार रकाने होते: नाव, यूजर आयडी, पासवर्ड, मोबाइल. पासवर्ड बहुतेकांचे एकाच साच्याचे होते. मोबाइलच्या रकान्यात मात्र पुन्हा पुन्हा एकच क्रमांक दिसत होता आणि तो त्या मुलाचा स्वतःचा होता. म्हणजे ज्या ओटीपीवर सगळी सुरक्षा उभी आहे, तो पेन्शनधारकाकडे न जाता काउंटरवर जात होता. मी विचारले तेव्हा तो मुलगा खोटे बोलला नाही. त्याने सांगितले की म्हाताऱ्या माणसांकडे मोबाइल नसतो किंवा तो मुलाकडे पुण्याला असतो, पासवर्ड ते विसरतात आणि मग राग त्याच्यावर काढतात. त्याच्या मनात कपट होते असे मला वाटत नाही. पण ती वही रात्री कुलूप नसलेल्या ड्रॉवरमध्ये राहत होती आणि दिवसभरात त्या काउंटरवर शंभर माणसे वाकून जात होती.

सिग्नलमध्ये माझी उमेदीची वर्षे गेली. १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झालेल्या या कोअरचे ब्रीद 'तीव्र चौकस' असे आहे, आणि त्यातल्या 'चौकस'चा अर्थ आम्हाला वर्गात नव्हे, ड्युटीवर शिकवला गेला. सेट कितीही उत्तम असो, ऑपरेटर सैल असेल तर शत्रूला सेट फोडावा लागत नाही. सांकेतिक शब्दांचा तक्ता मुदत संपल्यावर दुसऱ्याच्या समक्ष नष्ट करायचा आणि त्याची नोंद करायची, इतकी ती शिस्त कडक होती. त्यानंतरच्या काळात तंत्रज्ञान फार पुढे गेले. हवाई दलाचे 'एएफनेट' हे संदेशवहनाचे नेटवर्क १४ सप्टेंबर २०१० रोजी सुरू झाले. लष्कराच्या 'एस्कॉन' या संदेशवहन नेटवर्कच्या चौथ्या टप्प्याचे सुमारे ७,७९६ कोटी रुपयांचे काम ऑक्टोबर २०२० मध्ये आयटीआय लिमिटेडला देण्यात आले आणि त्यात माहिती पाठवण्याच्या जुन्या पद्धतीच्या जागी आयपी-एमपीएलएस हे नवे तंत्रज्ञान आणण्याचे ठरले. या नेटवर्कवर काम करणाऱ्या माणसाला प्रशिक्षण असते, त्याच्यावर देखरेख असते आणि चूक झाली तर जाब विचारला जातो. 'स्पर्श'चे तसे नाही. ती सर्वसामान्य इंटरनेटवरून वापरायची सेवा आहे आणि तिचा ऑपरेटर म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा निवृत्त नाईक किंवा त्याची विधवा पत्नी. जो भार पूर्वी प्रशिक्षित सिग्नलमनवर होता, तो आता या माणसांवर आला आहे, आणि त्यांना तो भार आहे हेच कोणी सांगितलेले नाही.

म्हणून या सेवेविषयी माझे मत दोन भागांत द्यावे लागते. यंत्रणा म्हणून 'स्पर्श' भक्कम आहे आणि मी ती कोणालाही निःशंकपणे वापरायला सांगेन. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा शेवटचा टप्पा मात्र कच्चा आहे. यावर उपाय अवघड नाही. कॉमन सर्व्हिस सेंटर आणि काही बँकांच्या शाखा 'स्पर्श'ची अधिकृत सेवा केंद्रे म्हणून नेमलेल्या आहेत, आणि ही सेवा पेन्शनधारकाला विनामूल्य असून तिचे शुल्क संरक्षण खाते भरेल असे शासनाने जाहीर केलेले आहे. कोपऱ्यावरच्या खाजगी केंद्रात दोनशे-तीनशे रुपये मोजण्याआधी आपल्या तालुक्यात असे अधिकृत केंद्र कोठे आहे याची चौकशी करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारले तरी मार्ग कळतो. प्रोफाइलमधला मोबाइल क्रमांक स्वतःचा किंवा घरातल्याच माणसाचा असावा आणि तो आधारला जोडलेला असावा. लॉगिन करताना पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' आहे ना, हे पाहावे. पेन्शन ऑफिसातून बोलतो असे सांगून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

खात्याकडे माझी एक मागणी आहे. आजरा, चंदगड, भुदरगड या डोंगरी तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत गेली आहेत आणि तिथल्या वाड्यांवर पावसाळ्यात मोबाइलला रेंज मिळत नाही. तिथे वर्षातून दोनदा गाडी पाठवून, एखादा निवृत्त सिग्नलमन सोबत देऊन, लोकांना त्यांच्याच मोबाइलवर लॉगिन करायला शिकवावे. पडद्यावरची इंग्रजी मराठीत समजावून सांगणारे एक पानी पत्रक सोबत द्यावे, आणि ते मोठ्या टायपात असावे. असे शिबिर निघाले तर मी मानधनाशिवाय यायला तयार आहे आणि माझ्यासारखे आणखी चार-पाच जण कोल्हापुरातूनच मिळतील.

त्या निळ्या वहीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. मित्राचा आणि आणखी अकरा जणांचा मोबाइल क्रमांक आम्ही तिथेच बसून बदलून घेतला, त्यात दोन दुपारी गेल्या. त्या मुलाने त्यांची पाने फाडून माझ्या हातात दिली आणि उरलेल्या लोकांना फोन करून बोलावतो म्हणाला. वहीत अजून साठेक नावे आहेत. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.