फोल्डर उघडेना म्हणून नंबर फिरवला

मी कोल्हापुरात घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि वर्षाकाठी दोन-तीन पीएचडीचे प्रबंध. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझं जुनं मशीनही त्याच सुमारास बसलं. मग नवीन घेतलं. जुनी हार्डडिस्क त्यातच दुसरी डिस्क म्हणून लावून घेतली. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, तुमचं सगळं डी ड्राइव्हला दिसेल."

दिसलं खरं, पण उघडेना. माझ्या नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं की चौकट यायची, की या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला सध्या परवानगी नाही. खाली 'कंटिन्यू'चं बटण. ते दाबलं की दुसरी चौकट, परवानगी नाकारल्याची. माझं फोल्डर, त्यावर माझं नाव, आणि मलाच मनाई.

त्या दिवशी शनिवार होता, संध्याकाळचे सात वाजलेले. एका बाईंचा प्रबंध सोमवारी बाइंडिंगला द्यायचा होता. पेन ड्राइव्हवर तिसऱ्या प्रकरणापर्यंतच होतं, पुढची दोन प्रकरणं आणि संदर्भसूची त्या फोल्डरात. दुकानातला फोन कुणी उचलेना. मी चौकटीतलं वाक्य जसंच्या तसं इंटरनेटवर शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर विंडोजचं चिन्ह होतं आणि १८०० ने सुरू होणारा फुकट नंबर. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं होतं. म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात होती. तो शब्द मी वाचलाही होता, पण घाईत त्याचा अर्थ मनापर्यंत पोचला नाही.

फोन उचलणारा माणूस अतिशय सभ्य होता. हिंदीत बोलत होता. आधी माझी अडचण पूर्ण ऐकून घेतली, मधे तोडलं नाही. मग म्हणाला, "मॅडम, घबराइये मत, देख लेते हैं." त्याने सांगितलेलं एक सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं, त्यात दिसणारा नऊ आकडी क्रमांक त्याला वाचून दाखवला आणि 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं. माउसवर माझा हात नव्हता तरी बाण स्क्रीनवर सरकायला लागला. अशी सॉफ्टवेअरं खोटी नसतात, ऑफिसांतून रोज वापरली जातात. पण ते 'अ‍ॅक्सेप्ट' दाबणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देऊन आपण बाजूला उभं राहणं.

त्याने एक खिडकी उघडली. त्यात लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण, बाण खाली ओढेल तितके. म्हणाला, "तुमच्या मशीनमध्ये हॅकर शिरलाय, म्हणून त्याने तुमची परवानगी काढून घेतली." माझ्या हाताला घाम फुटला. त्या खिडकीला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात, हे मला नंतर कळलं. विंडोज स्वतःची रोजनिशी तिथे लिहितं. एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला, प्रिंटर सापडला नाही, असल्या बारीकसारीक गोष्टींचीही तिथे नोंद होते. कोऱ्या, धडधाकट मशीनवरही त्या लाल खुणा असतात. तुमच्याही असतील, आत्ता बघा.

मला खरा विश्वास बसला तो पुढच्या गोष्टीने. काळ्या खिडकीत त्याने काहीतरी टाइप केलं, भराभर ओळी वर गेल्या आणि शेवटी महिरपी कंसात एक लांब क्रमांक राहिला. म्हणाला, "हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर. मी माझ्याकडच्या नोंदीतून वाचतो, तुम्ही ताडून बघा." आणि वाचला. तीन वेळा आठ, मग डी, सी, ए, साठ. शेवटपर्यंत एकेक अक्षर जुळलं. ज्याच्याकडे माझ्या मशीनचा नंबर आहे तो कंपनीचाच माणूस असणार, असं कुणालाही वाटेल. खरी गोष्ट अशी की तो क्रमांक झिप फोल्डरशी संबंधित एका सोयीचा आहे आणि जगातल्या सगळ्या विंडोज मशीनवर तो एकच असतो. हा डाव फार जुना आहे. एवढी एकच गोष्ट आधी माहीत असती तर मी तिथेच फोन ठेवला असता, म्हणून ती इतकी सविस्तर लिहिते आहे.

फी सांगितली ४,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,७२०. जीएसटीचा आकडा ऐकून तर मला ते आणखीच खरं वाटलं. नेटबँकिंगने भरायला लावले, त्याच मशीनवरून, त्याच्या डोळ्यांदेखत. पैसे गेले आणि स्क्रीन काळी झाली. "स्कॅन चालू आहे, हात लावू नका. मोबाइलवर कोड येतील, फक्त आकडे सांगा."

दोन कोड आले, मी दोन्ही सांगितले. आजही ते मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत. पहिल्यात स्पष्ट लिहिलंय, नवीन लाभार्थी (म्हणजे पैसे पाठवायचं नवं खातं) जोडण्यासाठीचा ओटीपी, कुणालाही सांगू नये. दुसऱ्यात ४५,००० रुपयांची रक्कम लिहिलेली आहे. तो 'फक्त आकडे' म्हणाला आणि मी फक्त आकडेच वाचले. काळ्या पडद्यामागे माझं बँकेचं खातं उघडंच होतं.

खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी विचारलं. म्हणाला, "वो सिक्युरिटी डिपॉझिट है, वापस आ जाएगा." त्या क्षणी पोटात खड्डा पडला. मी उठून राउटरचा प्लगच काढला.

बँकेच्या हेल्पलाइनवर नेटबँकिंग बंद करून घेतलं. पुण्याच्या भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, आधी १९३० लाव, बाकीचं नंतर." १९३० ही ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीची सरकारी हेल्पलाइन. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली होती आणि ती चाळीस मिनिटं महाग पडली. १९३० वर त्यांनी खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारली. हे हाताशी ठेवूनच फोन करा. लेखी तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर केली. माझ्या ४५,००० पैकी १७,३०० पुढच्या खात्यात अडवले गेले. बाकीचे तोवर तिसऱ्या खात्यातून एटीएमने काढून झाले होते.

सोमवारी बँकेत गेले तेव्हा साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक समोर ठेवलं. ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. वाचून वाईट वाटलं, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. बँकेला कळवल्याची वेळ हा तुमच्या हातातला पुरावा असतो. लाजेपोटी रात्रभर गप्प बसू नका. मीही घरच्यांना काय सांगू, या विचारात दहा मिनिटं नुसती बसून होते.

आता त्या फोल्डरबद्दल. दुपारी दुकानातला मुलगा घरी आला. आधी ते सॉफ्टवेअर काढलं, मशीन तपासलं, मला मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले. मग फोल्डरवर क्लिक करून ती दुसरी चौकट माझ्यासमोर धरली. "काकू, ही शेवटची ओळ वाचा." त्यात लिहिलं होतं की परवानगी मिळवायची असेल तर सिक्युरिटी टॅब वापरा, आणि ते शब्द निळे होते, क्लिक करता येण्यासारखे. शनिवारी मी ती चौकट वीसेक वेळा बंद केली असेल.

त्याने समजावलं ते असं. विंडोज आपल्याला नावाने ओळखत नाही. खातं तयार होताना त्याला एस-१-५-२१ असा सुरू होणारा लांबलचक क्रमांक मिळतो आणि फोल्डरचा मालक म्हणून तोच लिहिला जातो. नव्या मशीनवर मी तेच नाव ठेवलं, पण क्रमांक नवा पडला. म्हणून जुन्या फोल्डरच्या लेखी मी परकी. सिक्युरिटी टॅबमध्ये जुन्या माझ्या जागी 'अनोळखी खातं' असं लिहून पुढे तो क्रमांक दिसत होता. ना हॅकर, ना व्हायरस.

त्याने अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन ओनरसमोरचं चेंज दाबलं, माझं आत्ताचं नाव टाकून चेक नेम्स केलं, आतल्या सगळ्या फोल्डरांनाही हाच मालक लागू करायच्या चौकोनात खूण केली आणि ओके. मग माझ्या नावाला फुल कंट्रोल दिला. हे फक्त आपल्या कामाच्या फोल्डरवर करायचं, विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांना हात लावायचा नाही, असं त्याने दोनदा बजावलं. आणि कंपनीच्या खऱ्या एरर चौकटीत फोन नंबर कधीच नसतो, हेही.

छोट्या खिडकीत फायलींची नावं एकामागून एक पळत गेली. बारशाची पत्रिका, आठवी गणित, अहवाल अंतिम, अहवाल अंतिम दोन. अकरा मिनिटं लागली. त्याने तीनशे रुपये घेतले. प्रबंध मंगळवारी बाइंडिंगला गेला. अडवलेले १७,३०० परत मिळावेत म्हणून अर्ज दिला आहे.