पाऊण तास, एक विषय, तीन अभ्यासक : बीबीसीचा 'इन अवर टाइम'

राजकारण, साहित्य, इतिहास किंवा समाज यांविषयी जाणकारांचे बोलणे ऐकण्याची सोय मराठी श्रोत्याला आज जेवढी आहे तेवढी पूर्वी कधीच नव्हती. तरीही एखाद्या विषयात आयुष्य घालवलेली तीन माणसे एकत्र बसली आहेत, एकमेकांचे नीट ऐकत आहेत, पटले नाही तर तसे स्पष्ट सांगत आहेत आणि शेवटपर्यंत विषय सोडत नाहीत, असा अनुभव क्वचितच वाट्याला येतो. बीबीसी रेडिओ ४ वरील 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम असा अनुभव पंचवीस वर्षांहून अधिक काळ देत आला आहे. इंग्रजी ऐकून समजणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने तो ऐकावा, असे मला मनापासून वाटते.

कार्यक्रमाची सुरुवात १५ ऑक्टोबर १९९८ रोजी झाली. सप्टेंबर २०२५ पर्यंत त्याचे सूत्रसंचालन केलेल्या मेल्विन ब्रॅग यांनी त्याआधी दहा वर्षे रेडिओ ४ वरच 'स्टार्ट द वीक' हा चर्चेचा कार्यक्रम चालवला होता. त्याच वर्षी ते लेबर पक्षाचे सदस्य म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्स या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेल्याने तो कार्यक्रम त्यांना सोडावा लागला आणि गुरुवारी सकाळी नऊची, श्रोत्यांच्या दृष्टीने कमकुवत समजली जाणारी वेळ त्यांच्या वाट्याला आली. पहिला भाग विसाव्या शतकातील युद्धांवर होता आणि त्यात इतिहासकार मायकेल हॉवर्ड व लेखक मायकेल इग्नाटिएफ हे दोघे पाहुणे होते. सुरुवातीला अर्ध्या तासाचा असलेला हा कार्यक्रम पुढे पाऊण तासाचा झाला आणि दोनाऐवजी तीन पाहुणे बोलावण्याची पद्धत रुजली. माझ्या मते कार्यक्रमाला खरा आकार आला तो या बदलामुळे. दोन अभ्यासक समोरासमोर असले की चर्चेचा वाद व्हायला वेळ लागत नाही, आणि एकटाच असला तर त्याचे व्याख्यान होते. तिसरा माणूस आला की पहिल्या दोघांनी गृहीत धरलेले काहीतरी तो उघड करतो, आणि श्रोत्याला एखादे मत व सर्वमान्य झालेली गोष्ट यांतला फरक आपोआप कळू लागतो.

कार्यक्रमाची रचना अत्यंत साधी आहे. सुरुवातीला संगीत नाही, पाहुण्यांच्या पुरस्कारांची यादी नाही. सूत्रसंचालक एका परिच्छेदात विषय मांडतो, तिघांची नावे आणि विद्यापीठे सांगतो आणि लगेच पहिला प्रश्न विचारतो. हा प्रश्न बहुधा अगदी प्राथमिक असतो : त्या काळी त्या प्रदेशात काय चालले होते, हा माणूस कोणत्या घरात जन्मला, या कल्पनेआधी लोक काय मानत होते. पाहुणे जवळजवळ नेहमीच विद्यापीठात तो विषय शिकवणारे प्राध्यापक असतात, आणि आपल्या नव्या पुस्तकाची जाहिरात करण्यास तेथे वाव नसतो. शिकवण्याची सवय असलेला माणूस कठीण गोष्ट पायरीपायरीने सांगू शकतो, हे या निवडीमागचे शहाणपण ऐकताना सतत जाणवते.

ब्रॅग यांच्या सूत्रसंचालनाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण कार्यक्रमाची गुणवत्ता बरीचशी त्यावर उभी राहिली. कंबरलँड परगण्यातील विग्टन या लहान गावात वाढलेला, ऑक्सफर्डमध्ये इतिहास शिकलेला हा माणूस दर आठवड्याला नव्या विषयाचा अभ्यास करून येत असे, आणि तरीही स्वतःला तज्ज्ञ समजत नसे. पाहुणा लांबण लावू लागला की ते त्याला थांबवत, पारिभाषिक शब्द आला की त्याचा अर्थ विचारत, आणि पुढच्या मुद्द्याकडे जायची वेळ झाली की तसे सरळ सांगत. प्रथमच ऐकणाऱ्याला हे तुटक, क्वचित उद्धटही वाटेल. मला मात्र त्यात श्रोत्याविषयीचा आदर दिसतो, कारण पाहुण्याचा मान राखण्यासाठी श्रोत्याला अंधारात ठेवणे त्यांना मान्य नव्हते. आपल्याकडील अनेक प्रकट मुलाखतींत प्रश्नच स्तुतीने सुरू होतो आणि पाहुण्याच्या आठवणींवर संपतो. त्यांत व्यक्ती समजते, विषय समजत नाही.

भारतीय विषयांवरील भाग संख्येने कमी असले तरी आवर्जून ऐकावेत असे आहेत. २००६ मधील भारतीय गणितावरचा भाग मला त्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. जॉर्ज घेवर्गीज जोसेफ, कॉल्वा रोनी-डूगल आणि डेनिस आल्मेडा हे त्यातील पाहुणे. चौदाव्या शतकात केरळमधील माधव या गणितीच्या परंपरेने 'पाय'चे (π, वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर) मूल्य काढण्यासाठी अनंत श्रेणीचा, म्हणजे न संपणाऱ्या बेरजेचा, उपयोग केला आणि युरोपात तीच श्रेणी सतराव्या शतकात ग्रेगरी व लायब्निझ या गणितज्ञांच्या नावांशी जोडली गेली, हे शाळेत गणित शिकलेल्या आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. येथे अभिमानाच्या घोषणा नाहीत आणि अवहेलनाही नाही; कोणती गोष्ट कोणत्या पुराव्यावर सांगता येते याचीच काळजी आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या वंशजाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. तो ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्याला हा भाग अधिकच जवळचा वाटेल.

२०१५ मधील सम्राट अशोकावरचा भागही असाच. रिचर्ड गोम्ब्रिच, जेसिका फ्रेझर आणि नाओमी ॲपलटन या तिघांचा अभ्यास भारतीय धर्मपरंपरांचा असल्यामुळे बौद्ध कथांमधला अशोक आणि शिलालेखांमधून स्वतः बोलणारा अशोक हे दोघे वेगळे ठेवून पाहण्याची दृष्टी या भागातून मिळते. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा ज्यांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहिला असेल, त्यांनी हा भाग ऐकून तो पुन्हा पाहावा. याखेरीज उपनिषदे, भगवद्गीता, रवींद्रनाथ ठाकूर, ईस्ट इंडिया कंपनी आणि १८५७ या विषयांवरही स्वतंत्र भाग आहेत.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. पाहुणे बहुतांशी ब्रिटिश विद्यापीठांतील असल्यामुळे भारतावरची चर्चासुद्धा तिकडच्या ग्रंथालयांत बसून झाल्यासारखी वाटते. संस्कृत आणि फारसी साधनांचा परिचय होतो, पण मराठी, तमिळ किंवा बंगाली साधने वापरून काम करणारे येथील संशोधक त्या टेबलाशी अभावानेच दिसतात. दुसरे असे की, मुघल साम्राज्यासारखा अवाढव्य विषय पाऊण तासात घेतला की दोन-तीन बादशहांच्या पुढे फारसे जाता येत नाही. पॉडकास्टमध्ये प्रसारणानंतरचा थोडा संवाद जोडलेला असतो, त्यात काय राहून गेले हे पाहुणे सांगतात. अनेकदा सर्वांत मोकळे आणि उद्बोधक बोलणे तेथेच ऐकायला मिळते, त्यामुळे तो भाग वगळू नये. चालू राजकारण कार्यक्रमात येत नाही. ही मात्र मी उणीव मानत नाही : स्वातंत्र्य, सत्ता, क्रांती, कायदा या कल्पना कशा घडत गेल्या हे ज्याला कळते, त्याला आजच्या बातम्या वाचायला वेगळे डोळे मिळतात.

ऐकण्याची सोय विनामूल्य आहे. २०२५ च्या जुलैत 'बीबीसी साउंड्स' ही सेवा ब्रिटनबाहेर बंद झाली, परंतु नेहमीच्या पॉडकास्ट ॲपवर कार्यक्रम मिळतो. ब्रिटनबाहेर अधूनमधून जाहिराती ऐकाव्या लागतात. एक हजाराहून अधिक भागांचा संग्रह बीबीसीच्या संकेतस्थळावर असून, बहुतेक भागांबरोबर पुढील वाचनासाठी पुस्तकांची यादीही दिलेली असते. अभ्यासू वाचकाला ती यादी कार्यक्रमाइतकीच उपयोगी पडेल.

हा कार्यक्रम ऐकताना मराठीतील एका रिकाम्या जागेची जाणीव मला वारंवार होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून आपल्याकडे ऐकण्याची मोठी परंपरा आहे; पण ती मुख्यतः एका वक्त्याची परंपरा आहे. महानुभावांचे गद्य, सातवाहनांचा व्यापार, सत्यशोधक समाज, गिरणगावचा संप यांपैकी एकेका विषयावर तीन अभ्यासकांना बसवून, विषय सोडू न देणारा सूत्रसंचालक त्यांच्यासमोर ठेवावा, आणि हे दर आठवड्याला, न चुकता व्हावे. भांडारकर संस्था, डेक्कन कॉलेज आणि आपली विद्यापीठे यांतील माणसे त्यासाठी पुरेशी आहेत. आकाशवाणीकडे स्टुडिओ आहेत. खर्च फारसा नाही. लागते ती संशोधनाची सवय असलेली निर्मितीची छोटी तुकडी आणि लोकप्रियतेची वाट पाहण्याचा धीर.

ब्रॅग यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सूत्रसंचालन सोडले आणि त्यांच्या जागी पत्रकार मिशा ग्लेनी यांची निवड झाली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी जुन्या संग्रहाकडे वळावे, आणि स्वतःला चांगला परिचित असलेला विषय निवडावा. ओळखीच्या विषयात तिघे कुठे सहमत होतात आणि कुठे अडतात हे पटकन ध्यानात येते. त्यानंतर गणित किंवा खगोलशास्त्र यांसारख्या अनोळखी विषयाचा एखादा भाग लावावा, शक्य तर वही जवळ ठेवून.