जिल्हा नियोजनचा निधी विज्ञान केंद्राच्या इमारतीला कितपत पुरतो?

निकाल आधीच सांगून टाकतो. चालू विज्ञान केंद्राचा विस्तार, दुरुस्ती, फिरतं प्रदर्शन किंवा तारांगणाचा नवा प्रोजेक्टर हवा असेल, तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीला पाचपैकी चार गुण. मोकळ्या जागेवर पायापासून इमारत उभी करायची असेल तर दोनच, आणि तेही सोबत महापालिकेचा किंवा केंद्र सरकारचा पैसा असला तर.

समितीच्या हातातला, म्हणजे जिल्हा वार्षिक योजनेचा, पैसा वर्षाच्या मापाने येतो, आणि विज्ञान केंद्र काही एका वर्षात होत नाही. नियोजन कार्यालय आधी मागच्या कामांचं दायित्व, म्हणजे त्यांचे द्यायचे राहिलेले पैसे, वजा करतं. जे उरतं त्याच्या साधारण दीडपट मर्यादेत नव्या कामांना मान्यता मिळते. म्हणजे जिल्ह्यात रस्त्यांची अर्धवट कामं जितकी जास्त, तितकी तुमच्या इमारतीला जागा कमी. त्यामुळे पालकमंत्र्यांना निवेदन देण्याआधी नियोजन अधिकाऱ्यांकडे जाऊन दायित्वाचा आकडा विचारा. बैठकीत टाळ्या मिळतात, पण मान्यता या आकड्यावरच अडते.

नावीन्यपूर्ण योजनांसाठी साडेतीन टक्क्यांचा वेगळा वाटा असतो आणि विज्ञान केंद्रवाले हमखास त्याच्याकडे बघतात. उपकरणं आणि फिरत्या प्रयोगशाळेसाठी हा वाटा उत्तम. इमारतीसाठी तो अपुरा पडतो, कारण त्याच पैशावर ड्रोन, डिजिटल शाळा आणि पोलिसांचे कॅमेरेही डोळा ठेवून असतात.

खासगी संस्थांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट हवी. संस्थेच्या नावावरच्या जमिनीवर सरकार इमारत बांधून देईल, ही आशा धरू नका. मालमत्ता शासनाची किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेची, आणि काम करणारी यंत्रणाही सरकारी, हाच सरळ रस्ता. संस्थेने चालवण्याचा करार वेगळा करावा.

आता अंदाजपत्रक. प्रस्ताव सर्वांत जास्त इथेच बिघडतात. सार्वजनिक बांधकाम विभागाचा अभियंता राज्य दरसूची उघडतो आणि वीटकाम, काँक्रीट, फरशी, रंग असं एकेक लिहीत जातो. हवेच्या झोतावर तरंगणारा बर्नोलीचा चेंडू, पृथ्वीचं फिरणं दाखवणारा फूकोचा लंबक, हात लावून चालवायचं जनित्र यांचा दर त्या दरसूचीत नसतो. मग एकतर ही कामं गळतात, नाहीतर ‘फर्निचर व इतर’ या एका ओळीत ठोक रक्कम पडते आणि तांत्रिक मान्यतेच्या वेळी तीच ओळ आधी कापली जाते. निकाल ठरलेला असतो: छान हॉल, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आत काही नाही. पुढे तिथे बचत गटांचं प्रदर्शन भरतं. यावर उपाय म्हणजे प्रदर्शनी वस्तूंचं अंदाजपत्रक स्थापत्यकामापासून वेगळं काढणं, प्रत्येक वस्तूचं तपशीलपत्र जोडणं, दरपृथक्करणासाठी (दर कसा आला ते दाखवण्यासाठी) किमान तीन दरपत्रकं लावणं आणि निविदाही वेगळी काढणं. इमारतीच्या ठेकेदारालाच प्रदर्शन दिलं, तर तो ते कुणालातरी पोटठेक्याने देतो आणि वर्षभरात निम्मी बटणं बंद पडलेली असतात.

कराचाही हिशेब आधीच मांडा. समजा मूळ बांधकाम ४ कोटींचं आहे. १८ टक्के जीएसटी म्हणजे ७२ लाख आणि १ टक्का कामगार कल्याण उपकर म्हणजे ४ लाख. झाले ४ कोटी ७६ लाख. यात वीजकाम, आग प्रतिबंधक यंत्रणा, कुंपण, पाणी, आकस्मिक खर्च आणि एकही प्रदर्शनी वस्तू धरलेली नाही. भाषणात ‘४ कोटींचं विज्ञान केंद्र’ अशी घोषणा होते, आणि सुधारित प्रशासकीय मान्यतेची, म्हणजे वाढलेल्या खर्चाला पुन्हा मंजुरी घेण्याची, फाईल तिथूनच सुरू होते.

दुसरा सापळा नमुना आराखड्याचा. वेळ वाचवायला शाळेच्या इमारतीचा तयार नकाशा उचलला जातो. भारतीय मानकात वर्गखोलीच्या स्लॅबवर दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरतात, तर संग्रहालयाच्या दालनाला ४. वर्गाच्या उंचीच्या खोलीत लंबक टांगता येत नाही आणि मधल्या खांबांमुळे सलग दालनही मिळत नाही. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे जोतं ९० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प जवळपास ११ मीटर लांब लागतो. नकाशात त्याला जागा सोडलेली नसेल, तर तो शेवटी मागच्या दाराला चिकटवला जातो. अग्निशमनाचा ना हरकत दाखलाही शाळेचा नव्हे, गर्दी जमणाऱ्या इमारतीचा लागतो. तो नकाशा पक्का होण्याआधी घ्या.

महापालिका क्षेत्रात असाल तर मुख्य अर्ज तिथेच करा. महापालिका अधिनियमात पाणी, गटार, दिवाबत्ती ही कलम ६३ खालची बंधनकारक कर्तव्यं आहेत. संग्रहालय कलम ६६ खाली, म्हणजे ऐच्छिक. पैसा आटला की ऐच्छिक गोष्टींवर आधी कात्री चालते. अंदाजपत्रकात नुसतं लेखाशीर्ष (त्या खर्चाचं वेगळं खातं) उघडून टोकन, म्हणजे नाममात्र, तरतूद झाली म्हणून पेढे वाटू नका. त्या लेखाशीर्षातून वर्षअखेरीला पैसे वर्ग होऊन दुसऱ्या प्रभागात पेव्हर ब्लॉक बसू शकतात. मागायचं ते कलम ‘७२ ब’ खाली पुढच्या वर्षांच्या खर्चाची हमी. ती मिळाली की काम एका मार्चवर लटकत नाही. जिल्हा नियोजनला नेमकी हीच सोय नाही, म्हणून इमारतीसाठी महापालिकेला साडेतीन गुण.

केंद्र सरकारचा मार्ग त्याच्याच राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेतून जातो. तांत्रिक दर्जा पाहिला तर याला तोड नाही. प्रदर्शनी वस्तू परिषदेच्या अनुभवी कार्यशाळांतून येतात आणि दरसूचीचा घोळ आपोआप सुटतो. जागा मात्र राज्याने किंवा स्थानिक संस्थेने मोफत द्यायची, भांडवली खर्चात वाटा उचलायचा आणि तयार केंद्र नंतर स्वतः चालवायचं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र (१९८५), नागपूरचं रमण विज्ञान केंद्र (१९९२) किंवा पणजीजवळ मिरामारचं गोवा विज्ञान केंद्र दाखवून ‘आम्हालाही असंच द्या’ म्हणणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो. ही केंद्रं परिषद स्वतः चालवते. तुमचं केंद्र पिंपरी-चिंचवडच्या सायन्स पार्कच्या वाटेने जाईल: जागा पालिकेची, उभारणी परिषदेच्या मदतीने, पुढचा भार स्थानिक. प्रस्तावासोबत वरळीचे फोटो लावण्यापेक्षा चिंचवडला जाऊन वीजबिल, तिकीट आणि मनुष्यबळ यांची चौकशी केलेली बरी.

चालवण्याचा खर्च हा प्रस्तावातला सर्वांत दुबळा भाग असतो, कारण भूमिपूजनाच्या कोनशिलेवर तो कोरता येत नाही. आकृतिबंधात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मंजूर यादीत, पदं नसतील, तर अभिरक्षक (संग्रह सांभाळणारा), तंत्रज्ञ, मार्गदर्शक कुणीच नेमता येत नाही. मग बाह्यस्रोताने आलेला सुरक्षारक्षकच मुलांना आरसे दाखवतो. ‘संस्था देखभाल करेल’ एवढ्या ठरावावर कोणताही जाणता अधिकारी विश्वास ठेवणार नाही. ठराव साधारण असा हवा: ‘इमारत हस्तांतरित झाल्यापासून दहा वर्षे वीज, मनुष्यबळ, विमा आणि प्रदर्शनी वस्तूंची दुरुस्ती यांचा खर्च अमुक लेखाशीर्षातून दरवर्षी करण्यात येईल.’ लेखाशीर्ष लिहिलेलं नसेल, तर तो ठराव कागदापुरताच.

जागेचं काम पैशाच्या आधी. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, विकास आराखड्यात आरक्षण कसलं, हे बघा. आरक्षण वेगळं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यात हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी आली. निधी मंजूर आणि जागा अडकलेली असेल, तर पैसा मार्चअखेर परत जातो आणि पुढच्या वर्षी तुमच्या नावापुढे ‘अखर्चित’ हा शेरा असतो.

यंत्रणा निवडतानाही एक बारकावा आहे. जिल्हा नियोजनचा पैसा जिल्हा परिषदेकडे गेला तर खर्चाला साधारण दोन वर्षं मिळतात, राज्य यंत्रणेला एकच. महापालिकेने पैसे भरून बांधकाम विभागाकडून ठेव कामात इमारत करून घेतली, तर पैसा सुरक्षित राहतो, पण आराखड्यातल्या बदलांवर तुमचा ताबा सुटतो.

आमदार निधीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वर्षाला ५ कोटी अख्ख्या मतदारसंघाचे. त्यातून कुंपण, बोअर, अंतर्गत रस्ता मागा आणि तसं पत्र आचारसंहितेच्या आधी घेऊन ठेवा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी नावीन्यपूर्ण योजनेतून फक्त फिरती प्रयोगशाळा आणि पंचवीसेक प्रदर्शनी वस्तू मागाव्यात. त्या वस्तू शाळेच्या सभागृहात मांडा, भेटींची नोंदवही तारीख-शाळा-इयत्तेनुसार ठेवा आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या. महापालिकेकडे इमारतीची फाईल जाताना त्या नोंदवहीच्या प्रती सोबत जोडा.