दोन लहान मुलं आणि टोकियो: गाडी घ्यावी की ममाचारी?

टोकियोतल्या निशी-कासाई भागात नवीन मराठी कुटुंब आलं आणि मुलं लहान असली, की दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न निघतोच: गाडी घ्यावी, की इथल्या आयांसारखी पुढे एक आणि मागे एक सीट असलेली इलेक्ट्रिक सायकल, म्हणजे ममाचारी? आम्ही दोन्ही करून पाहिलं. दोन वर्षं सेकंडहँड केई गाडी, म्हणजे इथली छोट्या इंजिनची लहान गाडी, होती. ती विकून दीड वर्ष झालं, आता सायकल आहे. बॅटरी किती चालते, कुठले रंग मिळतात हे दुकानात कळेलच. मी रोजच्या वापरातलं सांगतो. माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे, तेही आत्ताच सांगून टाकतो.

आधी गाडीचं. इथेही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपला हात बसलेलाच असतो. भारतातून आणलेल्या इंटरनॅशनल परमिटवर पहिलं वर्ष निभतं, पुढे जपानी लायसन्स करून घ्यावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून त्याची लेखी परीक्षा ५० प्रश्नांची झाली आहे आणि ९० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. वर मैदानावर गाडी चालवून दाखवायची असते. तेव्हा हे काम वर्षाच्या शेवटावर ढकलू नका.

टोकियोशेजारच्या चिबा प्रांतात फिरायचं असेल तर गाडीला तोड नाही. तातेयामाच्या बाजूला ट्रेनने गेलात तर अर्धा दिवस स्टेशनवर उतरून पुढच्या बसची वाट बघण्यातच जातो. गाडी असली की पोळी-भाजीचा डबा, चटई, कपड्यांचे दोन जोड, सगळं डिकीत टाकायचं आणि निघायचं. धाकटा रडायला लागला तर ट्रेनच्या भरलेल्या डब्यासारख्या चार लोकांच्या माना वळत नाहीत. हे सुख लहान नाही, आणि त्यासाठी कुणी गाडी घेतली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

आम्हाला गाडी नकोशी झाली ती पार्किंगमुळे. महाग आहे म्हणून नव्हे. महिन्याला १८ हजार येन आम्ही गृहीतच धरले होते. इथे गाडी ठेवायची तर घरापासून २ किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा दाखवावी लागते, ती तर बिल्डिंगमध्येच मिळाली. पण ते यांत्रिक पार्किंग होतं, लोखंडी ट्रे एकावर एक रचलेले. आमच्या ट्रेची उंचीची मर्यादा १,५५० मिलिमीटर. सरकत्या दाराच्या ज्या उंच केई गाड्या इथे घरोघरी दिसतात, त्या त्यात बसतच नाहीत. म्हणून आम्ही बुटकी, साध्या दाराची गाडी घेतली. मग बाहेर कुठेही कॉइन पार्किंगला, म्हणजे तासांवर पैसे भरायच्या अरुंद जागेत, लावली की दार वीतभर उघडायचं. तेवढ्या फटीतून मुलाला सीटमध्ये सरकवायचं, त्याचे पट्टे लावायचे, आणि शेजारच्या गाडीला दार लागणार नाही ना, ते एका हाताने सांभाळायचं. हिची कंबर त्या दोन वर्षांत धरली, ती अजून पूर्ण सुटलेली नाही.

तरी तेही चालवून घेतलं असतं. पण फेब्रुवारीतल्या एका रविवारी तातेयामाला स्ट्रॉबेरी तोडायला गेलो होतो. दिवस फार छान गेला. थोरलीने मोजून सत्तावीस स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या. तिला उमिहोतारु बघायचं होतं, समुद्रात जिथे पूल संपून बोगदा सुरू होतो ते बेट. म्हणून येताना टोकियोची खाडी ओलांडणारा आक्वा-लाइन हा रस्ता धरला. रविवारी संध्याकाळी सगळं टोकियो त्याच वाटेने घरी परतत असतं. बिल्डिंगपाशी पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले, पाऊस लागला होता आणि दोन्ही मुलं गाढ झोपलेली.

यंत्राचा नियम असा, की गाडी ट्रेवर चढवण्याआधी चालक सोडून सगळ्यांनी खाली उतरायचं. नियम योग्यच आहे, अशा यंत्रात लहान मुलांचे अपघात झालेले आहेत. पण त्यासाठी झोपलेली दोन मुलं पावसात उठवायची. धाकटा हिच्या खांद्यावर, थोरली अर्धवट झोपेत हिचा कोट धरून छपराखाली उभी. मी किल्ली फिरवली आणि बटण दाबून धरलं. ते दाबूनच धरावं लागतं, बोट काढलं की यंत्र थांबतं. आधी शेजाऱ्यांचा ट्रे खाली गेला, मग आमचा करकरत वर आला. फाटक उघडलं, गाडी आत घेतली, बाहेर आलो, पुन्हा किल्ली, पुन्हा बटण. एरवी हे चार-पाच मिनिटांचं काम, त्या रात्री ते संपता संपेना. थोरली रडत एकच म्हणत होती, “बाबा, सोडा ना ते बटण.” त्या रात्री मुलं साडेअकराला परत झोपली.

पुढे शाकेनची (गाडीच्या सक्तीच्या तपासणीची) मुदत जवळ आली, म्हणजे पुन्हा लाखभर येनचा खर्च. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गाडी विकायचं ठरलं. फार चर्चा करावी लागली नाही.

आता ममाचारी. आमची दीड लाख येनच्या आसपास पडली, म्हणजे नऊ महिन्यांच्या पार्किंगच्या पैशात आली. पाळणाघरात, म्हणजे होइकुएनला, गाडी आणायला आमच्याकडे बंदीच होती. त्यामुळे घरात गाडी असूनही रोज सकाळी बाबागाडी ढकलत पंचवीस मिनिटांची पायपीट व्हायची. आता आठ मिनिटं लागतात. शुक्रवारी अंथरुणाच्या चादरी धुवायला घरी आणायच्या असतात, त्या पिशवीसकट आठ मिनिटं.

आमच्या एदोगावा वॉर्डाचा हा भाग तळहातासारखा सपाट आहे. चढ म्हणजे फक्त नदीवरचे पूल. ओजिमाला मित्राकडे जाताना आराकावा ओलांडावी लागते, हिवाळ्यात तिथे समोरून वारा येतो. पण दोन मुलं बसवलेली असतानाही मोटर पायाला हात देते. चालवण्यापेक्षा उभी सायकल सांभाळणंच अवघड. ती रिकामीच तीसेक किलोची. बसवताना आधी मागचं मूल, मग पुढचं. उतरवताना आधी पुढचं. हा क्रम चुकला की सायकल कलंडते. आमची एकदा कलंडली आहे. हेल्मेट आणि पट्टे होते म्हणून निभावलं. पट्टा लावल्याशिवाय स्टँड काढायचा नाही, हे तेव्हापासून घरात पक्कं झालं.

रविवार सकाळ आम्ही बहुतेक कासाई रिन्काई पार्कात घालवतो. तिथल्या मत्स्यालयात मोठ्यांना ७०० येन आणि प्राथमिक शाळेपर्यंतच्या मुलांना फुकट, त्यामुळे ट्यूना बघून अर्ध्या तासात कंटाळा आला तरी पैसे गेल्याची हळहळ नाही. कधी ग्योसेन पार्कातलं छोटं प्राणिसंग्रहालय, तेही फुकट, फक्त सोमवारी बंद. वाटेत मुलं काय काय दाखवतात. गाडीत असताना ती मागच्या सीटवर मोबाइल मागायची. सायकलवर धाकटा माझ्या हातांच्या मध्ये बसतो, बोलला की त्याचा आवाज छातीला लागतो. “बाबा, बगळा!” म्हटलं की थांबायचं. नदीकाठी थांबायला कॉइन पार्किंग शोधावं लागत नाही.

उणिवा आहेतच. जूनमध्ये त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, सुरू झाला की महिना-दीड महिना रेनकोट आणि सीटची प्लास्टिकची कव्हरं. ती कव्हरं रोज पुसून वाळवावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. वादळाच्या दिवशी सरळ चालत जायचं. छत्री धरून चालवायची नाही. एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांनाही असल्या चुकांसाठी जागेवर दंडाची पावती मिळते. दोन्ही सीटवर मुलं असली की सामानाला जागाच उरत नाही. पाच किलो आटा आणायचा तर मुलं घरी ठेवून वेगळी फेरी, किंवा दुकानवाल्याला घरपोच पाठवायला सांगायचं. आणि मागच्या सीटवर मूल शाळेत जाईपर्यंतच बसवता येतं, म्हणजे येत्या एप्रिलपासून थोरलीला तिची स्वतःची सायकल.

लांब जायचं तर ट्रेन आहेच, सहा वर्षांखालच्या मुलांना एका मोठ्या माणसामागे दोघांपर्यंत तिकीट नाही. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही गाडी भाड्याने घेतो. गेल्या वर्षी आई-बाबा पुण्याहून आले तेव्हा सात सीटची घेतली. आमच्या केई गाडीत तर आम्ही सहा जण मावलोच नसतो, तिच्यात चारच सीट. परत आल्यावर मुलांना आणि आजी-आजोबांना दारात उतरवलं, मुलं कडेवर घेऊन तशीच वर नेली, आणि मी गाडी परत करून आलो.

तुमचं घर योकोहामाच्या चढांवर असेल, किंवा खाली साधी, जमिनीवरची जागा मिळत असेल, तर हिशेब कदाचित वेगळा लागेल. पण बिल्डिंगमध्ये ट्रेचं पार्किंग असेल, तर गाडी बघायला जाण्याआधी एकदा रात्री, मुलांच्या झोपेच्या वेळेला, दोघांना घेऊन खाली जा. कुणीतरी आपली गाडी आत घालत असेल. ते बटण किती वेळ दाबून धरावं लागतं, ते तिथे उभं राहून बघा.