किनाऱ्याचे पाणी की तळाचा गाळ: जिवाणू कोठे मोजावेत?

मांडवी-जुआरीच्या मुखाशी किंवा कोकणातल्या एखाद्या खाडीत जिवाणूंची संख्या व आकार मोजण्याचा पदव्युत्तर प्रकल्प हाती घ्यायचा असेल, तर नमुना पाण्याचा घ्यावा की गाळाचा, हे आधी ठरवावे लागते.

नुसती संख्या पाहिली तर गाळ कितीतरी पुढे आहे. किनाऱ्यालगतच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारण १० लाखांच्या घरात जिवाणू असतात, तर तेवढ्याच आकारमानाच्या पृष्ठभागालगतच्या गाळात ते १० कोटींपासून १०० कोटींपर्यंत आढळतात. मात्र पाण्याचा आकडा प्रति मिलिलिटर आणि गाळाचा प्रति ग्रॅम कोरडे वजन असा शेजारी मांडला, तर तुलना फसवी ठरते. मऊ चिखलाच्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा असतो. शिवाय बारीक कणांचे एकूण पृष्ठफळ जास्त असल्याने चिखलात वाळूपेक्षा जिवाणू सहसा अधिक सापडतात, म्हणून गाळाचा पोत नोंदवल्याखेरीज आकड्याला फारसा अर्थ नाही.

आकाराचे गणित निराळे आहे. पाण्यातल्या बहुतेक पेशी अतिशय लहान असतात. पेलॅजिबॅक्टर या समुद्री जिवाणूचे घनफळ जेमतेम ०.०१ घन मायक्रॉन भरते. गाळातल्या पेशी सरासरीने मोठ्या आणि आकाराने अधिक विविध असतात. (१९९९ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्याजवळील गाळातून वर्णिलेला थायोमार्गारिटा हा जिवाणू तर पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो, पण त्याचा बराचसा भाग नायट्रेट साठवणाऱ्या पोकळीने व्यापलेला असतो.)

खरी अडचण मोजणीत येते. पाण्याचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून, अ‍ॅक्रिडीन ऑरेंज किंवा डॅपीने रंगवून ०.२ मायक्रॉनच्या काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर गाळला, की प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखाली पेशी स्वच्छ दिसतात. गाळ मात्र आधी विरळ करून, पायरोफॉस्फेट हे रसायन आणि ध्वनिलहरी यांच्या साहाय्याने पेशी कणांपासून सोडवाव्या लागतात. हे कमी झाले तर पेशी कणांना चिकटून राहतात आणि जास्त झाले तर फुटतात. त्यातून उरलेले कण पेशींना झाकतात आणि सेंद्रिय कचराही रंग धरतो. अशा अंधूक कडांवरून लांबी व व्यास १० टक्क्यांनी जास्त मोजले गेले, तर घनफळ ३३ टक्क्यांनी फुगते आणि त्यावरून काढलेला जैवभारही (पेशींचे एकूण वजन) तेवढाच चुकतो. पेट्री-थाळीवरच्या वसाहती मोजणे हा सोपा पर्याय दोन्हीकडे टाळावा, कारण समुद्री जिवाणूंपैकी सहसा १ टक्क्याहूनही कमी तिथे वाढतात.

त्यामुळे प्रश्न पेशींच्या आकाराचा असेल, तर माझ्या मते पाणीच निवडावे. फक्त भरती-ओहोटीची वेळ काटेकोरपणे लिहावी, कारण काही तासांत त्याच जागी वेगळे पाणी आलेले असते. सांडपाण्याचा किंवा खारफुटीच्या पाचोळ्याचा साचत गेलेला परिणाम पाहायचा असेल, तर गाळ घ्यावा, वरच्या एका सेंटिमीटरपुरते राहावे आणि संख्येवरच समाधान मानावे. स्थिर केलेल्या नमुन्यातली संख्याही साठवणुकीत घटत जाते, तेव्हा नमुने शक्य तितक्या लवकर फिल्टरवर घेऊन तयार पट्ट्या उणे २० अंश सेल्सियसला ठेवाव्यात.