आईला घेऊन आठ महिने मॉलमध्ये: चालायला उत्तम, बसायला जागा नाही

डिसेंबरपासून आठवड्यातून दोनदा तरी मी आईला उपनगरातल्या आमच्या जवळच्या मॉलमध्ये नेतो. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी सपाट जागी चालायला सांगितलंय आणि आमच्या रस्त्याचा फूटपाथ खणून ठेवलाय. मॉलमध्ये फरशी सपाट, मे महिन्यात गारवा, जुलैत डोक्यावर छप्पर. खरेदी त्यानंतरची.

मंगळवारी-बुधवारी सकाळी अकराला गेलात तर शटरं नुकतीच वर जात असतात, गर्दी नसते. रविवारी संध्याकाळी मात्र लिफ्टसाठी दहा-पंधरा मिनिटं ताटकळावं लागतं. चालण्यापेक्षा नुसतं उभं राहिल्यानं गुडघे जास्त दुखतात, हे मला तिच्याबरोबर फिरायला लागल्यावर कळलं. सरकत्या जिन्यावर ती पाय ठेवत नाही. 1999 मध्ये मुंबईत हाजी अलीला क्रॉसरोड्स हा मॉल नवीन उघडला तेव्हा हीच आई माझा हात धरून हौसेनं तीनदा वर-खाली करून आली होती.

खरी अडचण बसण्याची. तळमजल्यावर दोन बाकं, तीही बिनपाठीची आणि बिनहातांची. हात टेकायला काही नसेल तर तिला उठताच येत नाही. पहिल्या मजल्यावर तर बाकच नाही. बसायचं तर थेट तिसऱ्या मजल्यावरचं फूड कोर्ट. एकदा चपलांच्या दुकानातल्या मुलीनं आपणहून स्टूल पुढे केलं, "आजी, काही घ्यायचं नसलं तरी बसा." तेव्हापासून घरातल्या सगळ्यांच्या चपला आम्ही तिथूनच घेतो.

व्हीलचेअर माहिती कक्षात ओळखपत्र ठेवून फुकट मिळते, मुलं अदबीनं बोलतात. पण दोनपैकी एकीची पाय ठेवायची पट्टी फेब्रुवारीत तुटली, ती जूनपर्यंत तशीच होती.

सगळ्यात राग आला तो स्वच्छतागृहाचा. दिव्यांगांसाठीच्या खोलीला कुलूप, आत बादल्या आणि पोछे. आई दाराशी अवघडून उभी होती. मी त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत लोकांच्या वापराच्या खासगी इमारतीही येतात, हे मुद्दाम लिहिलं आणि पोच घेतली. आठवड्यात खोली रिकामी झाली. किल्ली अजून सफाईच्या मावशींकडेच असते, पण हाक मारली की त्या लगेच येतात आणि आईचं होईपर्यंत बाहेर थांबतात. तुम्हालाही असा अनुभव आला तर तोंडी सांगून निघून येऊ नका, पोच घ्याच.

गेल्या गुरुवारी तळमजल्यावर हात असलेली दोन नवी बाकं आली. आईनं दोन्हींवर बसून-उठून पाहिलं. पहिल्या मजल्यासाठी मी पुन्हा अर्ज दिलाय.